बोरिवलीची मावशी आणि अवकाशातली वॉर्निंग स्टेशनं

तो मेसेज ग्रुपवर परत आला. दर दोन-तीन महिन्यांनी फिरत फिरत येतोच. थोडक्यात म्हणणं असं: अवकाश थंड, जहाज गरम, त्यामुळे लपणं अशक्य, घरच्या ग्रहावरून एका मोठ्या दुर्बिणीत सगळं दिसणारच. सीमेवर शत्रूची चाहूल घेणाऱ्या स्टेशनचा निरोपही प्रकाशाच्याच वेगाने येणार, म्हणजे फायदा शून्य. वर युद्धात पहिला बळी स्टेशनचाच. म्हणून सायन्स फिक्शनमधली सीमेवरची अर्ली वॉर्निंग स्टेशनं म्हणजे लेखकाचा आळस.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आम्ही पाच जण रविवारी नौपाड्यात एकाच्या घरी आमचाच बनवलेला स्पेस वॉरचा बोर्डगेम खेळतो, आणि मेसेज टाकणाऱ्या महाशयांनी खाली लिहिलंय, "स्टेशनं काढून टाकूया, उगाच पॉइंट खातात." आता बोलणं भाग आहे.

पहिला मुद्दा, सगळं दिसतं. इंजिन पेटलेलं असेल तर दिसेल, मान्य, लांबून दिसेल. पण घाटात उतारावर काही लोक पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात ना, तसं इंजिन बंद करून नुसत्या वेगावर येणारं जहाज घ्या. काल मी वहीत हिशोब केला. ५० मीटर लांब, ६ मीटर जाड नळकांडं, म्हणजे पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर, तापमान खोलीतल्याइतकं. ते सगळं मिळून ४६० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकणार. ऐकायला भरपूर वाटतं. आता हे नेपच्यूनच्या अंतरावर ठेवा, ४५० कोटी किलोमीटर, आणि इकडे जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीएवढा २५ चौरस मीटरचा आरसा लावा. आरशावर पडतात सेकंदाला दोन-चार फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. दोन-चार! आणि तेही सूर्यमालेतल्या धुळीची स्वतःची जी इन्फ्रारेड चमक असते तिच्यातून वेगळे काढायचे. तेच जहाज ३० लाख किलोमीटरवरच्या स्टेशनजवळून गेलं तर अंतर १५०० पट कमी, म्हणून प्रकाश २२.५ लाख पट जास्त. स्टेशन पुढे ठेवायचं कारण एवढंच आहे हो.

बरं, ते दोन-चार फोटॉनसुद्धा दुर्बीण नेमकी तिकडे बघत असेल तर. पूर्ण आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं आणि वेबच्या निअर इन्फ्रारेड कॅमेऱ्यात एका वेळी मावतात फक्त ९.७ चौरस आर्कमिनिट (एका अंशात ६० आर्कमिनिट), म्हणजे आकाश एकदा झाडून काढायला दीड कोटी फोटो, फोटोला एक मिनिट धरलं तरी २९ वर्षं. कोणी म्हणेल रुंद दुर्बीण घे, चिलीतल्या रुबिन वेधशाळेला एका फोटोत ९.६ चौरस अंश दिसतात. घेतली. तरी तिला तिथून दिसणारं आकाश एकदा पूर्ण करायला तीन-चार रात्री लागतात, आणि सूर्याच्या बाजूला बघायचं म्हटलं की बोंब. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा दगड फुटला, दीडेक हजार लोक जखमी झाले, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. आधी कोणालाही दिसला नव्हता, कारण तो सूर्याच्या दिशेने आला. दगडाला अक्कल नव्हती तरी त्याने हे केलं, शत्रूच्या कॅप्टनला तर असेल!

शिवाय नुसत्या उष्णतेवरून एका जागेवरून दिशा कळते, अंतर नाही. जवळचं बारकं की लांबचं मोठं? त्यासाठी दुसरी जागा लागतेच.

दुसरा मुद्दा प्रकाशाच्या वेगाचा. हा दिसायला भारी आहे, आणि ज्या विश्वात प्रकाशापेक्षा वेगवान काहीच नाही तिथे मी तो अर्धा सोडून देतो, घ्या फुकट. पण आपल्या गेममध्ये जहाजं जंप मारतात राव, म्हणजे एका जागी गायब आणि लगेच दूर दुसरीकडे हजर! नेपच्यूनच्या अंतरावर प्रगटलेल्या जहाजाचा प्रकाश घरी यायला चार तासांवर लागतात. त्याने तिथून दुसरी जंप मारली की ते स्वतःच्या प्रकाशाच्या आधी दारात. तुमची दुर्बीण कितीही मोठी असू दे, ती चार तासांपूर्वीचं रिकामं आकाश बघत बसणार. इथे जंप मारणारा निरोप्या ड्रोन असलेलं स्टेशन हाच एकमेव उपाय उरतो.

आमच्या घरी ही सिस्टिम वर्षानुवर्षं चालू आहे. आम्ही घोडबंदर रोडला, खिडकीसमोर येऊरचा डोंगर, त्यामुळे पश्चिमेचा ढग डोक्यावर येईपर्यंत दिसत नाही. डोंगरापलीकडे बोरिवलीला मावशी राहते. तिचा फोन येतो, "पाऊस आला गं इकडे, दोरीवरचे कपडे काढ." आई गॅस बारीक करून गॅलरीत पळते आणि दहा-पंधरा मिनिटांत इकडे धो धो. फोन पावसापेक्षा फास्ट, विषय संपला. आणि मावशी नुसतं "ढग आहे" म्हणत नाही, भुरभुर आहे की झोडपतोय तेही सांगते, जे गच्चीवर दुर्बीण लावून कळणार नाही.

यावरून, मेसेजमध्ये एक गोष्ट गृहीतच धरलीये की दिसलं म्हणजे कळलं. मी ऐरोलीला नाइट शिफ्टला बसतो, काम म्हणजे सर्व्हरच्या डॅशबोर्डकडे बघणे. मध्यंतरी पहाटे तीनला आख्खी भिंत लाल, एका शहरातल्या सगळ्या लिंक डाऊन. नवीन पोरगा थेट मॅनेजरला उठवायला निघाला, म्हटलं थांब, दुसऱ्या लोकेशनवरून पिंग मार, म्हणजे त्या लिंक उत्तर देतात का बघ. सगळं चालू होतं. आमच्याच मॉनिटरिंगच्या डब्याची केबल सैल झालेली. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत अधिकारी पेत्रोव यांच्यासमोर हेच झालं, फक्त उपग्रहांच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्क्रीनवर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं होती. पाचच का पाठवतील, आणि जमिनीवरच्या रडारवर काहीच कसं नाही, म्हणून त्यांनी तो खोटा अलार्म ठरवला. निघालं काय, तर ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन. उलटी गोष्ट पर्ल हार्बरची. ७ डिसेंबर १९४१ ला सकाळी ७:०२ ला हवाई बेटांवरच्या ओपानाच्या अमेरिकन रडारवर जपानी विमानं दिसली होती. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला वाटलं आपलीच बी-१७ बॉम्बर विमानं येतायत, सोडून दिलं. आठच्या आत बॉम्ब पडले. दोन्हीकडे दिसलं होतं बरं का. एकीकडे पडताळायला दुसरा डोळा होता, दुसरीकडे नव्हता.

राहिला पहिल्या बळीचा मुद्दा. मारू देत की. १२ ऑगस्ट १९४० ला जर्मनांनी ब्रिटनची चार रडार स्टेशनं बडवली, तीन काही तासांत परत चालू, व्हेंटनर मात्र बरेच दिवस बंद. तर ब्रिटिशांनी तिथून नुसते सिग्नल सोडत ठेवले म्हणजे समोरच्याला वाटावं चालूच आहे, आणि थोड्याच दिवसांत जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने रडारवरचे हल्ले फायद्याचे नाहीत म्हणून आवरते घेतले. आणि समजा स्टेशन उडालंच, तर आमच्याकडे प्रत्येक सर्व्हर दर ३० सेकंदांनी हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' असा सिग्नल, पाठवतो, तो थांबला की भोंगा. मेलेलं स्टेशन हाच सगळ्यात खात्रीचा अलार्म आहे, शत्रूने कितीही गुपचूप मारलं तरी. भर पावसाळ्यात मावशीचा फोन लागेना झाला तर आई आधी दोरीवरचे कपडे काढते, मग काळजी करते.

तर रविवारी माझं मत असं: स्टेशनची किंमत चारवरून तीन पॉइंट करा, वाटल्यास त्यांची तोफ काढून घ्या, ती तशीही फालतू आहे. पण दर टर्नला हार्टबीटचा फासा टाकायचा नियम हवा, आणि ज्याला स्टेशनं नकोत त्याने डाव सुरू व्हायच्या आधी बोर्डाकडे पाठ करून बसायचं, चार टर्न, मग बघू काय दिसतं ते.