निकाल लागेपर्यंत घर कशावर चालवायचं?

अपघात झाला की दवाखान्याच्या दारातच कुणीतरी सांगतं, "क्लेम टाका, पैसे मिळतील." सांगणारा खोटं बोलत नसतो. पण पैसे कधी मिळतील, हे कुणी सांगत नाही. ज्या घरातला कमावता माणूस खाटेवर पडलाय, त्या घराला 'किती' इतकाच 'कधी' हा प्रश्न जिवावरचा असतो.

माझ्या मावसभावाच्या दाव्यामुळे गेली काही वर्षं मी मोटार अपघात दावा प्राधिकरणाच्या व्हरांड्यात पुष्कळ वेळ बसलोय. मी वकील नाही. पण शेजारी बसलेल्यांच्या फायली बघत, त्यांच्या वकिलांचं बोलणं ऐकत आणि नंतर कायदा स्वतः वाचत माझं एक मत पक्कं झालंय. दाव्याला लागणाऱ्या वेळातला काही वेळ शरीराचा असतो आणि तो द्यावाच लागतो. उरलेला सगळा वेळ कागदांचा आणि तारखांचा असतो. त्या काळात जखमी माणसाच्या हातात काहीच पडत नाही, म्हणून तो शेवटी मिळेल त्या रकमेवर सही करतो. माझा राग या दुसऱ्या वेळावर आहे.

आधी शरीराच्या वेळाबद्दल. मृत्यूच्या दाव्यात वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसं कळली की हिशेब मांडता येतो. जखमीच्या दाव्यात मुळात नुकसान किती झालं हेच लवकर ठरत नाही. हाड जुळायला महिने जातात, रॉड किंवा प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन, मग फिजिओथेरपी. कोपर किती वाकतं, मूठ किती आवळते, हे त्यानंतरच नीट कळतं. अपंगत्वाचा दाखला घाईघाईने काढला तर तो एकतर जास्त टक्के दाखवतो आणि उलटतपासात कोसळतो, किंवा कमी दाखवतो आणि आयुष्यभराचं नुकसान करतो.

आणि दाखल्यावरचे टक्के म्हणजे भरपाईचे टक्के नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्वच्छ सांगितलंय. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची ताकद जवळजवळ पूर्ण गेली. तोच सरकारी कचेरीत कारकून असेल तर कदाचित पगाराला धक्काही लागणार नाही. म्हणजे इजा एकच, पण नुकसान माणसाच्या धंद्यावरून मोजायचं. माझा भाऊ फॅब्रिकेशनचं काम करायचा आणि उजवं कोपर गेलं. त्याच्यासाठी या एका मुद्द्यावर सगळा दावा उभा आहे.

याचा पैशात अर्थ काय होतो ते बघा. समजा जखमी माणूस ३२ वर्षांचा आहे आणि महिन्याला १५,००० रुपये कमावत होता. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणायचं तो) १६. पंधरा हजार गुणिले बारा गुणिले सोळा, म्हणजे २८,८०,००० रुपये. कमाईचं नुकसान २० टक्के धरलं तर ५,७६,००० आणि ४० टक्के धरलं तर ११,५२,०००. (पुढे वाढू शकणारं उत्पन्न, औषधपाणी, वेदना हे यात धरलेलं नाही.) टक्केवारीच्या या एका आकड्यासाठी विमा कंपनी जीव तोडून का भांडते आणि घाईने तडजोड करणारा काय गमावतो, ते यावरून कळेल. इजा स्थिर व्हायच्या आत कुणी रक्कम पुढे केली तर थांबा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता कागदांचा वेळ. २०२२ मध्ये केंद्राने नियम केले, त्यात वेळापत्रक चक्क छापलंय. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल. मग विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत प्रस्ताव ठेवायचा. जखमीने तो मान्य केला आणि प्राधिकरणाने तडजोड नोंदवली की पुढच्या ३० दिवसांत पैसे. १५ डिसेंबर २०२२ ला गोहर मोहम्मद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी करा म्हणून सविस्तर आदेशही दिले. हे सगळं घडलं तर साधा दावा सहा-सात महिन्यांत मिटायला हवा.

प्रत्यक्षात काय होतं? ट्रक परराज्यातला, मालकाचा पत्ता आरसी बुकावरचा, गाडी मध्येच विकलेली पण नावावर केलेली नाही. नोटीस जाते आणि 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येते. पुन्हा पत्ता शोधा, पुन्हा नोटीस. मग विमा कंपनी हजर होते आणि कैफियतीसाठी, म्हणजे लेखी उत्तरासाठी, मुदत मागते. मग ड्रायव्हरचं लायसन्स खरं की खोटं हे विचारायला दूरच्या आरटीओला पत्र जातं. वादाचे मुद्दे निघतात, सरतपास (आपल्याच वकिलाने घेतलेली साक्ष) होतो, उलटतपासाच्या दिवशी समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात असतात. न्यायाधीशांची बदली झाली तर नवे साहेब येईपर्यंत फाइल तशीच. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर समजण्यासारखी वाटते. एकामागे एक ओवली की वर्षं होतात.

सगळ्यात जास्त चीड मला डॉक्टरांच्या साक्षीची येते. अपंगत्वाचा दाखला नुसता दाखल करून भागत नाही. विमा कंपनीने हरकत घेतली की दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी येऊन तो सिद्ध करावा लागतो. भावाच्या दाव्यात डॉक्टरांना समन्स गेलं. एका तारखेला ते ऑपरेशनमध्ये, दुसऱ्या तारखेला परगावी, नंतर आले तर आमची केस त्या दिवशी पुकारलीच गेली नाही. मी डॉक्टरांना दोष देत नाही. ज्याच्या ओपीडीत शंभर माणसं उभी असतात त्याने दिवसभर कोर्टात बाकावर बसायचं, ही अपेक्षाच मला मान्य नाही. पण व्हिडिओवर अर्ध्या तासात ही साक्ष होऊ शकते, कोर्ट कमिशनर नेमून दवाखान्यात जाऊनही होऊ शकते. ते नेहमीचं व्हायला हवं. आज त्यासाठी वेगळा अर्ज, त्यावर म्हणणं, त्यावर आदेश, म्हणजे आणखी तीन तारखा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ मध्ये प्राधिकरणाने संक्षिप्त चौकशी करावी असं लिहिलंय. फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा इथे लागत नाही, शक्यता कुठे झुकते एवढंच बघायचं. ही प्राधिकरणं दिवाणी कोर्टाच्या गतीतून अपघातग्रस्तांना सोडवण्यासाठीच आहेत. आणि आपण ती पुन्हा दिवाणी दाव्यासारखीच चालवतो.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं, की उशीर झाला तरी व्याज मिळतं ना. मिळतं, दावा दाखल केल्याच्या तारखेपासून साधारण ६ ते ९ टक्के. पण जखमीच्या घराने दरम्यान जे कर्ज काढलेलं असतं ते या दराने नसतं. दागिने गहाण टाकलेले असतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, महिन्याच्या टक्क्यावर सावकाराकडून पैसे आणलेले असतात. विमा कंपनी थांबू शकते. तिच्या ताळेबंदात ही एक तरतूद असते आणि तिला भाडं थकल्याची भीती नसते. थांबण्याची ताकद एका बाजूलाच असली की तडजोड बरोबरीची होत नाही.

लोकअदालतीत हे डोळ्यांनी दिसतं. मी लोकअदालतीच्या विरोधात नाही. अनेकांना तिथे एका दिवसात पैसे ठरवून मिळालेले मी पाहिलेत आणि त्यांच्यासाठी ते योग्यच होतं. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून पॅनेलसमोर बसण्याआधी आपला आकडा आपल्याला माहीत हवा: वय, गुणक, उत्पन्न, कमाईच्या नुकसानीचे टक्के. वकिलाला तो कागदावर मांडून दाखवायला सांगा. कुणी आठ ऐवजी पाच लाख विचार करून घेतले तर तो त्याचा निर्णय झाला. आठ होतात हेच माहीत नसताना घेतलेले पाच लाख मला सहन होत नाहीत.

मला सगळ्यात महत्त्वाचं जे म्हणायचंय ते आता. जुन्या कायद्यात कलम १४० होतं. चूक कुणाची हे न बघता मृत्यूसाठी ५०,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी २५,००० रुपये आधी द्यायचे, आणि मोठा दावा चालूच राहायचा. शेवटी तेवढी रक्कम त्यातून वळती व्हायची. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व खरं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते गेलं आणि नवं कलम १६४ आलं, १ एप्रिल २०२२ पासून लागू. त्यात चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. ऐकायला मोठी वाढ. पण ते पैसे स्वीकारले की कलम १६६ खालचा, म्हणजे पूर्ण भरपाईचा, तुमचा दावा संपतो. म्हणजे वर ज्याचं नुकसान ११ लाखांचं निघालं, त्या माणसाला घर चालवायला आज अडीच लाख हवेत आणि ते घेतले तर बाकीचं सोडावं लागतं. गरजवंताला अक्कल नसते असं आपण सहज म्हणून जातो. इथे कायद्यानेच त्याच्यासमोर असा पर्याय ठेवलाय.

२०२५ पासून अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आली, ती चांगली आहे आणि तिने जीव वाचतील. पण आठव्या दिवसापासून काय? दवाखान्याचं बिल एकदाचं भागतं, बुडालेली मजुरी मात्र दर दिवशी बुडत राहते. अंतरिम मदतीची योजना करण्याचा अधिकार कलम १६४अ ने केंद्र सरकारला दिलेलाच आहे. विमा वैध आहे आणि इजा गंभीर आहे एवढं पोलिसांच्या अहवालातून दिसलं की दर महिन्याला काही रक्कम सुरू करावी आणि अंतिम निवाड्यातून ती वजा करावी. कंपनी बुडणार नाही. आणि मग तारखा वाढवण्यात तिचाही काही फायदा उरणार नाही.

याउलट घाई कुणाला केली? जखमीला. २०२२ पासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. १९९४ मध्ये मुदतीची अट काढून टाकली होती ती परत आणली. सहा महिन्यांत कित्येकांचं दुसरं ऑपरेशनही झालेलं नसतं. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. एफआयआर, पंचनामा, एए फॉर्म (पोलिसांचा अपघाताचा अहवाल), डिस्चार्ज कार्ड हाताशी आलं की दावा आधी दाखल करा, अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो. अपघात परगावी झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या प्राधिकरणात दावा टाकता येतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

निवाडा झाल्यावरही लगेच पैसे येतील असं धरू नका. कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकते. स्थगितीसाठी तिला बहुतेक वेळा रक्कम जमा करावी लागते, आणि त्यातला काही भाग काढून घ्यायला जखमीला परवानगी मागता येते. ती मागायची असते. कुणी अपील केलं नाही आणि पैसेही भरले नाहीत तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज.

आणि इतकं होऊनही पैसे प्राधिकरणांत पडून राहतात. ज्यांचे आहेत ती माणसं घर बदलून गेलेली असतात, नंबर बदललेला असतो, काही वारलेली असतात. हे प्रमाण इतकं होतं की सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दावेदारांचे बँक खात्याचे व आधारचे तपशील सुरुवातीलाच घ्या असे निर्देश एप्रिल २०२५ मध्ये दिले. तेव्हा ज्यांचा दावा आज चालू आहे त्यांनी या आठवड्यात एवढं करावं: वकिलाला फोन करून आपला आत्ताचा पत्ता, नंबर आणि खातं फाइलला आहे का ते विचारावं, पुढची तारीख कशासाठी ठेवलीय ते विचारावं, आणि डॉक्टरांची साक्ष बाकी असेल तर ती व्हिडिओवर घ्यावी म्हणून अर्ज द्यायला सांगावं.