लस दारात येते, पण दाराला कुलूप असतं

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि रागाची आहे. मला ती आवडली. ‘छान लेख, ताई’ लिहून पुढे जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक परवडला.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीड जिल्ह्यात काम करताना ज्या मुलांचे डोस अर्धवट राहिलेले मला दिसले, त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांचा लशीला विरोध नव्हता, असं मी लिहिलं होतं. त्यावर धारूर तालुक्यात हयात शिक्षकीत घालवलेल्या सरांचं म्हणणं असं: लस फुकट आहे, अंगणवाडीत मिळते, आशाताई घरी बोलवायला येते, तरी लोक येत नाहीत, हे निव्वळ अज्ञान आहे आणि मी त्यावर पांघरूण घालते. डोस चुकवणाऱ्यांचं रेशन बंद करा, मग बघा कशा रांगा लागतात. शिवाय अहवालात लसीकरण शंभराला टेकलेलं असताना मला सुटलेली मुलं सापडतात कुठे? आणि शेवटी चिमटा: ‘तुम्ही संशोधक फॉर्म भरून नेता, पेपर छापता. गावाला काय मिळतं?’

अहवालापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं तिथेच अडकलंय.

टक्का काढायला दोन आकडे लागतात. डोस घेतलेली मुलं वर आणि डोस मिळायला हवा अशी मुलं खाली. वरचा आकडा सिस्टरच्या, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सच्या, रजिस्टरमधून येतो, तो बहुतेक वेळा खरा असतो. खालचा बराचसा अंदाजावर चालतो: लोकसंख्या इतकी, म्हणजे वर्षाला जन्म इतके. गाव रिकामं होतं तेव्हा हा अंदाज कोलमडतो. दसरा-दिवाळी झाली की तुमच्या भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कुणी कराडकडे, कुणी इंदापूर-शिरोळकडे, कुणी पार कर्नाटकातल्या चिकोडी-अथणीपर्यंत. गेलेलं मूल गावच्या ड्यू लिस्टमधून, म्हणजे डोस द्यायचा बाकी असलेल्या मुलांच्या यादीतून, ‘स्थलांतरित’ म्हणून बाजूला पडतं आणि जिथे गेलं तिथल्या यादीत चढत नाही. दोन्हीकडचा टक्का उत्तम आणि मूल कुठेच नाही.

मग सर्वेक्षण करा, असं कुणीही म्हणेल. गंमत तिथेच आहे. लसीकरण मोजायची जगभर वर्षानुवर्षं वापरलेली पद्धत म्हणजे ३० वस्त्या निवडायच्या आणि प्रत्येकीत ७ मुलं बघायची. हेंडरसन आणि सुंदरेसन यांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत या पद्धतीच्या अनुभवाचा आढावा मांडला होता. पद्धत सुटसुटीत आहे, स्वस्त आहे, मीही वापरलीय. पण तिचा रिवाज असा की पहिलं घर चिठ्ठीनं ठरवायचं आणि ७ मुलं होईपर्यंत शेजारच्या दारात जात राहायचं. दाराला कुलूप दिसलं की पुढचं दार. आता हे डिसेंबरात बीडच्या वडवणी किंवा केजमध्ये करून बघा. कुलूप नसलेल्या घरांतली मुलं म्हणजे ज्यांच्या आया गावातच आहेत अशी मुलं. त्यांचे डोस झालेलेच असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ७६ टक्के पूर्ण लसीकरण झालेली निघाली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ६२ होता. वाढ खरी आहे, मला तिचा आनंदही आहे. पण ती सगळ्या वस्त्यांत सारखी झाली, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता अज्ञान. सर, तुम्ही गणित शिकवलंय म्हणता, तर हिशेब मांडूया. पेंटाव्हॅलेंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचे, तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावर. जुलैच्या सुरुवातीला जन्मलेल्या बाळाचा पेंटाचा तिसरा डोस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे टोळी निघायच्या आत उरकतो. सप्टेंबरच्या मध्यावर जन्मलेल्याचा पहिलाच डोस ऑक्टोबरअखेर येतो आणि पुढचे दोन्ही उसाच्या फडात. मार्चमध्ये गावी परतल्यावर जन्मलेल्या मुलीचे पेंटाचे तिन्ही डोस व्यवस्थित होतील, पण तिचा गोवराचा डोस डिसेंबरात, पुन्हा फडात. एकाच गल्लीतल्या, सारख्याच शिकलेल्या किंवा न शिकलेल्या तीन आया. एकीचं कार्ड पूर्ण, दोघींचं अर्धं. यात अज्ञान कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

फडातली गोष्ट जवळून सांगते. कारखान्याच्या तळावरच्या एका कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, एका आईनं मला माता-बाल संरक्षण कार्ड काढून दाखवलं. कॅरीबॅगेत गुंडाळून, वरच्या आडव्या बांबूला बांधलेलं. खाली ठेवलं तर ओल लागते म्हणून. आत रेशनकार्डाची झेरॉक्स आणि आधार. पेंटाचे दोन डोस नोंदलेले, तिसऱ्याची जागा कोरी. डोस राहिलाय हे तिला पक्कं माहीत होतं, तारीखही तोंडपाठ होती. ती पहाटे चारला कोयता घेऊन निघायची, मोळ्या बांधून गाडी भरून परतायची तेव्हा दिवस कलून गेलेला असायचा. सिस्टरचं सत्र सकाळी सुरू होऊन दुपारी आवरतं. त्या वेळी कोपीवर बाळ आणि बाळाला सांभाळणारी आठ वर्षांची बहीण. आठ वर्षांच्या पोरीच्या मांडीवर बाळ ठेवून कुठलीही सिस्टर सुई टोचणार नाही, टोचूही नये. आईनं थांबायचं तर खाडा. खाड्याला मजुरी जातेच, वर अनेक टोळ्यांत मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, दंड कापतो. कोयता जोडीनं मोजतात सर, नवरा-बायको मिळून एक कोयता; एक थांबला की दोघांचा दिवस गेला.

‘लस दारात येते’ हे तुमचं वाक्य म्हणूनच मला सलतं. येते, पण आपल्या वेळेला येते.

दुसरं कारण तर फडात जायच्याही आधीचं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बीसीजी, जन्माचा पोलिओ, कधी पेंटाचा पहिला डोस, सगळं माहेरच्या उपकेंद्रात. मग बाळ-बाळंतीण सासरी येतात. सासरच्या आशाताईला हे बाळ यादीत असल्याची खबर उशिरा लागते आणि माहेरच्या आशाताईच्या यादीत ते ‘गेलं’ असतं. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण करून घेतल्याबद्दल आशांना मुलामागे १०० रुपये ठरलेले आहेत. दोन गावांत आणि एका फडात वाटल्या गेलेल्या मुलाचे हे १०० रुपये कुणाचे? ज्या मुलामागे सगळ्यात जास्त पायपीट, त्याच्यासाठी कुणालाच धड मोबदला नाही. आता यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत नाव असलं की कुठल्याही सत्रात डोस मिळावा अशी सोय केलीय आणि ती चांगली आहे. पण नोंद मोबाइल नंबरवर, नंबर नवऱ्याचा, आणि सीम हंगामागणिक बदलणारं.

तुम्ही गावातल्या त्या बाळाचं उदाहरण दिलंत. लशीनंतर रात्रभर फणफणलं आणि मग अख्ख्या गल्लीनं सुई बंद केली. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणालात. मी नाही म्हणणार. ताप खरा होता. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या घटकानं अनेक बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, टोचलेली जागा सुजते. हे घडणारच आहे आणि पॅरासिटामॉलनं उतरणार आहे, एवढं आधी सांगितलं असतं तर गल्ली बिथरली नसती. सिस्टरनं प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असा नियमच आहे: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि आणायचं. सत्रात बसून बघा, पहिली आणि तिसरी सांगितली जाते. दुसरी गिळली जाते, कारण ‘ताप येईल’ म्हटलं तर बाई उठून जाईल ही भीती. मला विचाराल तर सगळ्या पोस्टर-बॅनरचा खर्च काढून त्या दुसऱ्या वाक्यावर लावावा.

आणि शिकलेल्यांबद्दल फार खात्री बाळगू नका. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा आणि स्वमग्नतेचा बादरायण संबंध जोडणारा निबंध १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला, लंडनच्या डॉक्टर मंडळींच्या सहीनं. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. आपल्याकडे २०१७ च्या गोवर-रुबेला मोहिमेला जोरदार विरोध झाला तो केरळातल्या मलप्पुरममध्ये. साक्षरतेत आपण त्यांच्या जवळपासही नाही.

रेशन बंद करायची सूचना. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत याच्या नेमकं उलट करून पाहिलं गेलंय. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत नुसती भरवशाची, दर महिन्याला न चुकता होणारी शिबिरं. काही गावांत शिबिरं आणि प्रत्येक डोसला किलोभर डाळ, सगळे झाले की जेवणाची ताटं. काही गावांत काहीच नाही. पूर्ण लसीकरण झालेली मुलं काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, शिबिरांच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. वर डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च नुसत्या शिबिरापेक्षा कमी आला, कारण नर्सचा पगार तोच आणि मुलं जास्त. म्हणजे किलोभर डाळीत लोकांची मनं बदलली? मला तसं वाटत नाही. विरोध मुळात पातळ होता. आजचा उद्यावर ढकलला जात होता, त्याला आजच यायचं निमित्त मिळालं. तरीही बीडमध्ये डाळ वाटा असं मी म्हणणार नाही. जी बाई चिकोडीत ऊस तोडतेय तिला धारूरची डाळ काय उपयोगाची? आणि रेशन तोडलंत तर भरडली जाईल ती तीच, आणि तिचं बाळ. कुपोषित बाळाला गोवर काय करतो हे तुमच्या पिढीनं माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आमच्या कामाला ‘आरोग्य संवर्धन’ असं भारदस्त नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा सनदेत त्याचा मसुदा आहे. त्यात लोकांना शहाणं करणं हा पाचांतला एक भाग. बाकीचे धोरण, भोवतालची परिस्थिती, लोकांची स्वतःची संघटना आणि सेवेची घडी बदलणं. आपण नेमका तो एकच उचलला, कारण त्यात दोष लोकांच्या पदरात टाकता येतो. तुमच्या शिवेपासून फार लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांच्या गावआरोग्यसेविका बहुतेक निरक्षर, त्यांत कितीतरी दलित बायका. कुठल्या घरात कोण माहेरपणाला आलंय, कुणाचं बाळ किती महिन्यांचं, हे त्यांच्या तोंडावर असायचं. त्या यादीला खालचा आकडा अंदाजानं भरावा लागत नसे.

पेपर छापता म्हणालात. छापते. नोकरीच ती आहे. गावाला पेपर मिळत नाही, हेही खरं. पण सुटलेली मुलं कोणत्या महिन्यात जन्मलेली आहेत हे कुणीतरी मोजून ठेवलं नाही तर जिल्ह्याच्या बैठकीत ‘लोक ऐकत नाहीत’ यापलीकडे चर्चा सरकत नाही. फॉर्मांचा जाच मात्र मान्य. आशाताईच्या पिशवीत आधीच इतकी रजिस्टरं असतात की आमचं आणखी एक नकोच.

एक गोष्ट जाता जाता, कारण तुमच्याकडे विचारायला लोक येतात असं लिहिलंत. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. गोवर-रुबेला राहिला असेल तर सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत मिळतो. एकदा ओरडा खाल्लेल्या बायका ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसतात, त्यांना एवढं नक्की सांगा. कार्ड हरवलं असेल तरी पाठवा.

आणि एक काम खास तुमच्यासाठी. दिवाळीनंतर पटावरची कुठली पोरं गळतात हे मुख्याध्यापक म्हणून तुम्हाला आरोग्य खात्यापेक्षा आधी कळायचं. त्यांच्या पाठच्या भावंडांची यादी तीच. मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, वाटतो तेव्हा नवरा-बायको दोघांनाही बोलावतो. त्या दिवशी सगळे कोयते एका जागी असतात आणि फडात जायला अजून अवकाश असतो. तुमच्या गावात ते वाटप कधी, कुणाच्या ओट्यावर होतं? त्या दिवशी शेजारच्या अंगणवाडीत सत्र लावायला सिस्टर तयार होईल का, ते तिला विचारून कळवाल? मुकादमाला मध्ये घालायचं नाही. त्यानं एकदा ‘लस घेतली तरच उचल’ म्हटलं की पुढच्या वर्षी लोक लशीलाच घाबरतील. फक्त तारीख आणि जागा काढा. पुढचं तालुक्याशी मी बोलते.