माळ्यावरचा पोर्टफोलिओ

दिवाळीच्या आधी माळा आवरताना आमची आई प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते, "हे लागतं का?" वस्तूंना उत्तर देता येत नसल्यामुळे तो प्रश्न शेवटी त्यांच्या मालकाकडे येतो. यंदा तो माझ्याकडे आला तेव्हा तिच्या हातात सुतळीने बांधलेली, रेक्झिनची, एके काळी काळी असलेली आणि एका कोपऱ्यात उंदरांनी संपादन केलेली भली मोठी बॅग होती. तिच्यात माझे उपयोजित कलेचे शिक्षण, म्हणजे २००१ ते २००५ ही चार वर्षे, सपाट अवस्थेत पडून होते. "राहू दे, टाकून दे," असे मी एकाच श्वासात म्हणालो. त्यातले नेमके काय करायचे हे आई विचारणार, तोच भाची पुढे झाली. ती यंदा याच विषयाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्यामुळे तिला सध्या सगळ्यातले सगळे कळते. "मामा, तुझं स्टुडंट वर्क?" असे तिने ज्या स्वरात विचारले, त्या स्वरात लोक शेतात नांगराला लागलेल्या शिलालेखाबद्दल बोलतात.

सुतळी सुटली. पहिल्यांदा बाहेर आले ते पहिल्या वर्षीचे रंगचक्र, हाफ इंपीरियल आकाराच्या, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांच्या कागदावर केलेले. या कागदाचे नाव साम्राज्याचे असले तरी तो गुंडाळी करून गर्दीच्या बसमध्ये चढणाऱ्याला जी वागणूक मिळते ती प्रजेची असते. पोस्टर कलरचा सपाट थर देणे हे काम ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात रंगात पाणी थोडे कमी पडले की सुकल्यावर थराला भेगा जातात, थोडे जास्त झाले की ढगाळ डाग उमटतात, आणि या दोहोंच्या मधला, कढीइतका दाट असा जो नेमका घट्टपणा असतो, तो रात्री अडीच वाजता एकदाच सापडतो व तेवढ्यात वाटीतला रंग संपतो. पुन्हा कालवलेला रंग पहिल्यासारखा कधीही होत नाही. माझ्या चक्रातला नारिंगी ज्या ठिकाणी अचानक दुसराच नारिंगी होतो, ती वाटी संपल्याची जागा वीस वर्षांनंतरही स्वच्छ दिसते.

"हा ग्रेडियंट मुद्दाम केलायस?" भाचीने विचारले.

"हो," मी म्हणालो.

खालच्या तावावर इंग्रजी अक्षरलेखन होते. गोल अक्षर आखलेल्या रेषांच्या वर आणि खाली किंचित बाहेर काढावे लागते, नाहीतर तितक्याच उंचीच्या चौकोनी अक्षराशेजारी ते लहान दिसते. हा डोळ्यांचा जुना दोष आहे आणि अक्षरे घडवणारे सगळे जण तो सांभाळून घेतात. मी मात्र शाळेपासून रेषेच्या आत राहण्याबद्दल शाबासकी मिळवलेला मुलगा होतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी रेषेच्या आत राहूनच पास झालो होतो. त्यामुळे माझा 'ओ' तंतोतंत रेषेत बसलेला होता, आणि त्याच्याखाली सरांनी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते, "याला जेवायला घाला."

यानंतर दुसरे वर्ष निघाले आणि मी चहा करायला आत जाण्याचा प्रयत्न केला, परंतु आई आधीच चहा घेऊन आली होती आणि आता तीही बसली.

दुसऱ्या वर्षी एका काल्पनिक वाचनालयाचे बोधचिन्ह करायचे होते. माझ्या बोधचिन्हात एक उघडे पुस्तक आहे. पुस्तकातून सूर्य उगवतो, सूर्यासमोर समई आहे, समईच्या ज्योतीचे वरच्या बाजूला झाड होते, झाडावर पक्षी आहे, आणि हे सगळे दोन हातांनी तोलून धरलेल्या पृथ्वीवर उभे आहे. हाताला बोटे पाच का, याचे उत्तर सोबतच्या तीन पानी संकल्पनेत दिलेले आहे (पंचमहाभूते). बोधचिन्ह अर्ध्या इंचात, एका रंगात आणि फॅक्सवरून गेल्यानंतरही ओळखू आले पाहिजे, असे सर पुनःपुन्हा सांगत असत. माझे बोधचिन्ह अर्ध्या इंचात केल्यावर जे उरले, ते कोणत्याही घरात ओळखू आले असते, फक्त लोकांनी त्यावर चप्पल मारली असती.

हे अज्ञानातून घडले म्हणावे, तर तसेही नाही. त्याच आठवड्यात सरांनी आम्हांला स्टेट बँकेचे बोधचिन्ह दाखवले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलेले हे चिन्ह बँकेने १९७१ साली स्वीकारले: एक निळे वर्तुळ, मधोमध एक लहान गोल आणि त्याच्याखाली एक फट. कुणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कुणाला आणखी काही. पाटी मात्र लांबूनही चुकत नाही. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण तर त्याहूनही सोपा, टोक खाली करून उभा केलेला आणि गावोगावच्या भिंतींवर कुठल्याही रंगाऱ्याला सहज काढता येणारा. ज्या देशाने कुटुंब लहान ठेवा हे एका त्रिकोणात सांगितले, त्या देशात वाचत जा एवढे सांगण्यासाठी मी सात वस्तूंचे एकत्र कुटुंब उभे केले होते. खरे कारण भीती हे होते. कागदावर जागा रिकामी राहिली की आपण काम केलेले नाही असे दिसते, अशी माझी ठाम समजूत होती, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या खांद्यावरून डोकावून "एवढंच?" असे विचारणाऱ्या आईने ती समजूत वाढीस लावली होती.

"मी कधी म्हटलं असं?" आई म्हणाली आणि बोधचिन्ह हातात घेऊन बघत राहिली. "पक्षी छान आलाय."

पुढचे पोस्टर पाणी वाचवा या विषयावरचे होते. त्यात एक नळ आहे आणि नळातून शेवटचा थेंब गळतो आहे, तो थेंब म्हणजे पृथ्वी. ही कल्पना मला पहाटे सुचली तेव्हा अंगावर काटा आला होता. वर्गात सगळी पोस्टरे लावल्यावर कळले की त्या पहाटे निम्म्या वर्गाच्या अंगावर काटा आला होता. एका भिंतीवर ओळीने नळ आणि प्रत्येकातून पृथ्वी गळत असलेली पाहून आपण प्लंबिंगच्या दुकानात आलो आहोत असे वाटत होते. आईला या पोस्टरविषयी वेगळेच आठवत होते. त्या वर्षी आमच्या पेठेत पाणी सकाळी तासभरच येत असे आणि मी या एका पोस्टरचे ब्रश धुण्यात साठवणीच्या तीन बादल्या संपवल्या होत्या. "पाणी वाचवा म्हणे," एवढेच ती म्हणाली. त्या पोस्टरवर इतकी नेमकी टीका आमच्या बाहेरच्या परीक्षकांनाही जमली नव्हती.

तिसऱ्या वर्षी आमच्या हातात संगणक आला. त्याचा परिणाम असा झाला, की जो अविचार करायला पूर्वी चार रात्री लागत तो चार मिनिटांत होऊ लागला. प्रत्येक अक्षराला फुगवटा, प्रत्येक फुगवट्याला सावली आणि सावलीलाही जमल्यास चकाकी देण्याच्या त्या दिवसांत मी कोकण पर्यटनाची पूर्ण जाहिरात मोहीम केली होती: वर्तमानपत्रातल्या तीन जाहिराती, एक होर्डिंग, एक शो-कार्ड आणि दुकानात टांगायचे डँगलर. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून तयार होतो, तर छपाईतला निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर उतरताना जांभळा होऊन बसतो, हे मला सबमिशनच्या सकाळी प्रिंट हातात आल्यावर समजले. माझ्या मोहिमेतल्या कोकणाला भरताच्या वांग्याच्या रंगाचा समुद्र लाभला आहे. संध्याकाळची वेळ दाखवायची होती, असे मी तोंडी परीक्षेत सांगितले. सूर्य डोक्यावर असलेला सगळ्यांना दिसत होता.

मूळ फाइल बघू, असा हट्ट भाचीने धरला. बॅगेच्या कप्प्यात सीडी होती, पण आमच्या दोघांच्याही लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. शेजारच्यांकडून जुने ड्राइव्ह आणून ती उघडली, तर माझ्या मराठी मथळ्याच्या जागी रोमन अक्षरे, टोपीवाले स्वर आणि परदेशी चलनांची चिन्हे यांची मिसळ वाढून ठेवलेली दिसली. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फॉन्ट गेला की मराठीही जाई. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमुळे पुढे ही अडचण सरली आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट घरोघरच्या संगणकांत पोहोचला. माझा मथळा मात्र कायमचा गेला. त्यात 'को' हे अक्षर पाच वेळा येईल अशी अनुप्रासाची कसरत होती इतके मला आठवते, आणि तेवढेच आठवते हे बरे.

चौथ्या वर्षी मला रिकाम्या जागेचा साक्षात्कार झाला. नवा मुल्ला पाच वेळा बांग देतो तसा मी त्या वर्षी प्रत्येक कामात कागदाचा तीन चतुर्थांश भाग कोरा सोडला. खऱ्या ग्राहकासाठी काम करा, असा शेवटचा प्रकल्प होता आणि माझ्या तावडीत आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका सापडले. त्यांना पाटीवर गणपती, वडिलांचा फोटो, फोन नंबर आणि 'मसाला कांडून मिळेल' हे सगळे हवे होते. मी त्यांना जात्याचे एक लाल वर्तुळ दिले, त्यात गव्हाच्या दाण्याएवढी फट ठेवली (स्टेट बँकेचा संस्कार नाकारता येणार नाही), खाली बारीक अक्षरांत नाव लिहिले आणि बाकी सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स शुभ्र सोडला. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी जागा का सोडलीस रे? भाड्यानं द्यायची आहे का?" मी त्यांना अवकाश, श्वास आणि दृष्टीचा विसावा यांवर जे काही सांगितले, ते त्यांनी गिरणी चालू ठेवून ऐकले. बोर्डचा फोटो काढून मी पोर्टफोलिओत लावला. आठवड्याभराने जाऊन पाहतो तर त्या शुभ्र अवकाशात काकांनी स्वतःच्या हाताने, काळ्या ऑइल पेंटने लिहिले होते: उधार बंद.

"तो बोर्ड अजून आहे?" भाचीने विचारले.

मी नाही म्हणणार होतो. पण आई तोवर चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन उभी होती. "गिरणीत जाताय तर हे घेऊन जा. आणि गव्हावर दळू नका म्हणावं."

गिरणीसमोर दिवाळीची रांग होती. वर बोर्ड होता. उन्हात फ्लेक्सचे लाल आणि पिवळे रंग आधी उडतात. त्यामुळे माझे जाते पुसट निळसर होऊन कपड्यावरच्या धुवट डागासारखे उरले होते आणि नाव वाचायला पायरीवर चढावे लागत होते. मधोमध 'उधार बंद' मात्र काल लिहिल्यासारखे ठणठणीत होते. भाचीने मोबाइल काढून त्याचे तीन-चार फोटो घेतले. "मामा, हे लेटरिंग कसलं भारी आहे. बघ ना, 'द'ची शेपटी बघ. हे तुझं?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी खोटे बोलायची इच्छा झाली होती, पण काका समोर होते.

काकांनी डबा घेतला, भाजणी हातावर घेऊन वास घेतला आणि तांदळाचे दळण संपल्यावर घालतो असे सांगितले. मग आमच्या नजरेच्या दिशेने वर पाहत ते म्हणाले, "बोर्ड आता बदलायला झालाय. तुझ्या ओळखीत कुणी चांगला आर्टिस्ट असला तर सांग."

मी काही बोलायच्या आत भाचीने पाठीवरच्या पिशवीतून वही काढली होती. "काका, मी करते ना. तुम्हांला बोर्डवर काय काय हवंय?"

"गणपती," काका म्हणाले आणि बोटे मोजू लागले.

ती सगळे लिहून घेत होती. मान मात्र अशी हलवत होती की यातले काहीही बोर्डवर येणार नाही हे मला स्वच्छ दिसत होते. मी रांगेत पुढे सरकलो. भाजणी दळून आली तेव्हा डबा हाताला चांगलाच पोळत होता, म्हणून मी तिच्या वहीतले एक कोरे पान मागितले. तिने दिले नाही.