अमीबाचे बारसे: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

गोविंद विश्वेश्वर यांच्या कारकिर्दीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की अटलांटातील सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेमध्ये अनेक दशके काम करून या संशोधकाने मेंदूला संसर्ग करणाऱ्या एका अमीबाचे बारसे केले, ‘९७ टक्के’ रुग्ण मात्र दगावतच राहिले. मग याला वैद्यकीय संशोधन म्हणावे की नुसते वर्गीकरण? शिवाय मी त्यांना या शोधाचे एकमेव मानकरी ठरवले, यावरही आपण बोट ठेवले आहे.

दुसरा मुद्दा मला मान्य आहे. बालामुथिया मँड्रिलॅरिस या त्या अमीबावरील १९९० आणि १९९३ हे दोन्ही शोधनिबंध त्यांनी मार्टिनेझ, शुस्टर आदी सहकाऱ्यांसमवेत लिहिले होते. लेखातील ‘एकट्याने’ हा शब्द मी काढून टाकला आहे.

बारशाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. १९८६ मध्ये सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात मँड्रिल जातीची एक गाभण माकडीण मेंदूच्या दाहाने मेली आणि तिच्या मेंदूत हा अमीबा सापडला. मुक्तजीवी, म्हणजे माती-पाण्यात स्वतंत्रपणे जगणारे, अमीबा वाढवण्याची रूढ रीत अशी, की थाळीतल्या पोषकद्रव्ये नसलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर पसरायचा आणि त्यावर नमुना ठेवायचा. अमीबा असेल तर तो जिवाणू खात पुढे सरकतो आणि त्याच्या मागे उमटलेली वाट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मेंदूला संसर्ग करणारे दुसरे दोन अमीबा, नेग्लेरिया आणि अकँथअमीबा, असे वाढतात. बालामुथिया मात्र या जिवाणूंवर वाढत नाही. तो माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवता येतो. म्हणजे हा जीव मेंदूत असूनही थाळी कोरी राहणार, आणि ऊतीच्या काचपट्टीवर तो दिसलाच तर अकँथअमीबा समजला जाणार, कारण तिथे दोघांत फरक करणे मुरलेल्या विकृतिशास्त्रज्ञालाही जड जाते. सशांमध्ये तयार केलेली, केवळ बालामुथियालाच चिकटणारी प्रतिद्रव्ये चमकत्या रंगासह वापरली, तेव्हा जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतही तो उजळून दिसला. पूर्वी दगावलेल्या काही माणसांच्या मृत्यूचे खरे कारण असे मागाहून कळले. आपण ज्याला नुसते वर्गीकरण म्हणता, त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

आपण दिलेला ९७ टक्क्यांचा आकडा नेग्लेरियाचा आहे: अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात नोंदलेल्या १६४ रुग्णांपैकी चारच वाचले. बालामुथियाही दहांतले सुमारे नऊ रुग्ण नेतो, हे मी नाकारत नाही. परंतु मृत्यूंच्या प्रमाणात न दिसणारे एक उदाहरण सांगतो. २००९ मध्ये मिसिसिपीत एका दात्याचे अवयव रोपण झाल्यानंतर मूत्रपिंडे मिळालेले दोघेही मेंदूच्या विकाराने आजारी पडले. कारण बालामुथिया असल्याचे सीडीसीने ओळखले, म्हणूनच त्याच दात्याचे हृदय आणि यकृत मिळालेल्यांना लक्षणे दिसण्याआधीच औषधे सुरू करता आली, आणि ते दोघे आजारी पडले नाहीत. जीवच ओळखीचा नसता, तर कशाविरुद्ध औषध द्यायचे हे तरी कुणाला कळले असते?

उपचाराचा धागाही या कामापासून तुटलेला नाही. १९९६ मध्ये शुस्टर आणि विश्वेश्वर यांनी हा अमीबा कोणत्याही जिवंत पेशींविना, निव्वळ द्रव माध्यमात वाढवून त्यावर औषधांच्या चाचण्या केल्या. हे वाचायला किरकोळ वाटते, पण अमीबाला खाद्यपेशी पुरवाव्या लागत असतील, तर औषधाने अमीबा मेला की त्याचे खाद्य, हे सांगणे कठीण होते. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २,१७७ औषधे या अमीबावर तपासली आणि त्यांत नायट्रॉक्सोलिन प्रभावी ठरले. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी युरोपात वापरले जाणारे हे जुने औषध अमेरिकेत मिळत नसल्यामुळे, २०२१ मध्ये एका रुग्णासाठी ते खास परवानगीने मागवावे लागले. तो रुग्ण वाचला. त्याला इतर औषधेही चालू होती, त्यामुळे श्रेय एकट्या नायट्रॉक्सोलिनचे असे मी म्हणणार नाही. मात्र ते सुरू झाल्यावर मेंदूतील गाठी आकसू लागल्या, हे उपचार करणाऱ्यांनी नोंदवले आहे.

कळावे, लोभ असावा.