प्रॉक्सीवरील संथ ऑथेंटिकेशन : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपला मुख्य आक्षेप असा, की मी सांगितल्याप्रमाणे स्क्विड या प्रॉक्सीच्या (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधल्या सर्व्हरच्या) हेल्परांची, म्हणजे ओळख तपासण्याचे काम सांभाळणाऱ्या सहायक प्रक्रियांची, संख्या २० वरून १०० करूनही सकाळी पाने उघडायला लागणारा वेळ तसूभर कमी झाला नाही. लॉगमधल्या ४०७ च्या (‘आधी ओळख पटवा’ या प्रॉक्सीच्या उत्तराच्या) ओळींना मी विनाकारण बिघाड ठरवले आणि कर्बेरॉस ही तिकिटावर ओळख पटवणारी पद्धत चालू असताना एनटीएलएम या प्रश्नोत्तराच्या जुन्या पद्धतीचे पाल्हाळ लावले, असेही आपण म्हणता. पहिले दोन आक्षेप बव्हंशी मान्य आहेत, तिसरा नाही.

एनटीएलएममध्ये ब्राउझरची पहिली विनंती नाकारली जाते, दुसऱ्या ४०७ सोबत चॅलेंज येते आणि तिसऱ्या विनंतीत त्याचे उत्तर जाते. तेव्हा २०० च्या (यशस्वी उत्तराच्या) आधी दोन ४०७ दिसणे हे नेहमीचेच असून त्याला अपयश म्हणणे ही माझी चूक होती. मात्र ही ओळख त्या एका कनेक्शनपुरतीच असल्यामुळे कनेक्शने वारंवार तुटत असतील, तर हे सारे दर वेळी नव्याने करावे लागते, एवढे ध्यानात असू द्यावे.

हेल्परांबाबत मी अर्धेच सांगितले. एनटीएलएमचा हेल्पर स्वतः काही तपासत नाही. तो विनबाइंड या सेवेला विचारतो आणि विनबाइंड डोमेन कंट्रोलरला, म्हणजे सर्वांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरला. विनबाइंड ज्याचा भाग आहे त्या साम्बा या सॉफ्टवेअरमध्ये ‘विनबाइंड मॅक्स डोमेन कनेक्शन्स’ या सेटिंगचे मूळ मूल्य १ आहे, म्हणजे शंभर हेल्पर उभे केले तरी पुढची खिडकी एकच. ‘सर्व हेल्पर व्यस्त’ हा इशारा कॅश लॉगमधून कदाचित गेला असेल, पण रांग फक्त स्क्विडच्या दारातून विनबाइंडच्या दारात सरकली. ते मूल्य ४ करून पाहावे. मात्र विनबाइंडचे ऑफलाइन लॉगऑन चालू असेल, तर कनेक्शन एकच राहते.

काही विनंत्या नेमक्या पाच सेकंद अडतात, असे आपण ओझरते लिहिले आहे. मला तीच सर्वांत मोलाची माहिती वाटते, कारण लिनक्सचा रिझॉल्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधणारा भाग) उत्तर न देणाऱ्या नेमसर्व्हरसाठी (ते पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरसाठी) मुळात पाच सेकंदच थांबतो. एका कार्यालयात मी दोन दिवस स्क्विडची कॉन्फिग फाइल चाळत बसलो होतो आणि दोष निघाला नेमसर्व्हरांची यादी असलेल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलच्या पहिल्या ओळीत : तो नेमसर्व्हर केव्हाच बंद केलेला होता.

आता कर्बेरॉस. प्रॉक्सीवर ते चालू असणे आणि ब्राउझरने ते वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा आयपी पत्ता दिल्याचे लिहिले आहे. तिकीट सर्व्हरच्या नावावर मिळते, त्यामुळे आयपी दिल्यास ब्राउझर सहसा निमूटपणे एनटीएलएमकडे वळतो. खात्री करायची असल्यास प्रॉक्सी-ऑथोरायझेशन हेडरमधले टोकन पाहावे. त्याची सुरुवात ‘टी-एल-आर-एम’ या अक्षरांनी होत असेल तर ते एनटीएलएम, ‘वाय-आय-आय’ने होत असेल तर बहुधा कर्बेरॉस. कर्बेरॉसचे तिकीट स्क्विडचा हेल्पर स्वतःजवळच्या कीटॅबने (किल्ली साठवलेल्या फाइलने) तपासतो, दर वेळी डोमेन कंट्रोलरकडे जात नाही. त्यामुळे वर सांगितलेली एकच खिडकीची अडचण उरत नाही.

आयपीऐवजी पूर्ण नाव देऊनही टोकन बदलले नाही, तर त्या नावाची एचटीटीपी सेवा डोमेनमध्ये नोंदलेली आहे का आणि घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक नाही ना, हे पाहून कळवावे.