कोकणात हायवे बांधायचाय? मग एवढं लक्षात ठेवा

समजा उद्या तुमच्या गळ्यात कोकणातला चौपदरी हायवे पडला तर अजिबात टेन्शन घेऊ नका, मुंबई-गोवा बघा आणि तसंच करा. पनवेलजवळचं पळस्पे ते रायगडातलंच इंदापूर, उणेपुरे ८४ किलोमीटर, काम सुरू झालं २०११ ला, तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता मतदान करून आली.

डेडलाइन देताना तारीख द्यायची नाही, सण द्यायचा. ‘गणपतीपूर्वी’ म्हणायचं, कुठले गणपती ते बोलायचं नाही. बाप्पा दरवर्षी येतो, चाकरमानी पण येतो, जाणार कुठे बिचारा. श्रावण लागला की मंत्र्यांचा पाहणी दौरा आणि पाठोपाठ खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक. हो, अंगणात घालतात तेच, हायवेवर! चार ट्रेलर गेले की ब्लॉक सुटे होतात, मग पुढचं बाइकवाल्याने आपापलं बघून घ्यायचं.

सेफ्टीवर उगाच खर्च नको. डायव्हर्जन म्हणजे मातीच्या दोन गोण्या, एक बांबू आणि लाल फडकं, झालं. बोर्ड लावा, पण अगदी वळणाच्या तोंडावर, आधी लावलात तर लोक स्पीड कमी करतील ना. वर चिखल उडालेला असला तर फारच छान, रात्री पावसात डिपर मारला की फक्त ‘सावकाश’ एवढं दिसतं, आता ते गाड्यांसाठी की कामासाठी हे ज्याचं त्याने ठरवावं.

डोंगर मात्र उभा कापा. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात दरड आली तर घाट बंद करायचा आणि ट्रॅफिक आंबडस-चिरणीच्या रस्त्याला लावायचं, तिथे एसटीसमोर डंपर आला की मागे कोण घेणार हे ते दोघं भांडून ठरवतील.

एक चूक तेवढी करू नका. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, एसट्या गेल्या, माणसं गेली, आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. असलं काही करायचं नाही, मनात आणलं तर जमतं हे लोकांना कळतं.

एवढं करून कोणी फारच बोंबललं तर पर्याय द्या. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेवर कार चढवून न्यायची सोय झाली. चढवायची कोलाडला, म्हणजे ज्या पट्ट्याला लोक घाबरतात तो आधी गाडी हाकतच काढायचा, आणि उतरवायची थेट गोव्यात वेर्ण्याला. आधी मध्ये थांबाच नव्हता, मग ओरड झाल्यावर सिंधुदुर्गातलं नांदगाव आलं. म्हणजे रत्नागिरीवाल्याने नांदगावला उतरायचं आणि तिथून उलटं मागे यायचं, त्याच हायवेने.