येणे बाकी

गेल्या रविवारी मी २,५०० रुपयांची देणगी द्यायला माझ्या जुन्या कॉलेजात गेलो आणि २,७९२ रुपये ५० पैशांचा देणेकरी होऊन घरी आलो. आज बुधवार आहे आणि राग अजून उतरलेला नाही.

ज्या कॉलेजाने २९ वर्षांत साधे पोस्टकार्ड पाठवले नाही, त्याला एकाएकी आमचा उमाळा का आला, हे मला माजी विद्यार्थी मेळाव्याचे माहितीपत्रक पाहिल्यावर कळले. कॉलेजांचे मूल्यांकन करून त्यांना श्रेणी देणारी नॅक ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली तेव्हा आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो आणि तिचे नाव आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते. आता मात्र तिच्या मूल्यांकनाच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची दखल घेतली जाते, नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे का ते विचारले जाते आणि आम्ही दिलेली देणगी लाखांत मोजली जाते. म्हणजे ज्यांना प्राचार्य एके काळी जिन्यात बसलो म्हणून हाकलून देत असत, ते आम्ही आता संस्थेचा निकष झालो होतो.

माहितीपत्रकात ‘उल्लेखनीय कामगिरी’ या मथळ्याखाली चार मोकळ्या ओळी होत्या. माझ्या वर्गमित्रांना त्या पुरल्या नाहीत. काहींनी पाठीमागची बाजूही भरून काढली. गणितात दोनदा नापास झालेला आमचा एक मित्र आता तीन शहरांत गणिताचे क्लास चालवतो. हजेरीला ‘येस सर’ म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती न्यायाधीश झाली आहे आणि तिच्या आवाजाने आता वकील दचकतात. शेवटच्या बाकावर झोपणारा निफाडचा मित्र युरोपात द्राक्षे पाठवतो आणि आपला कंटेनर कोणत्या बंदरात अडकला आहे, याची चौकशी पुरीचा घास तोंडात असताना फोनवर करतो. ज्याच्याबरोबर मी तीन वर्षे एक बाक, एक सायकल आणि माझे ग्रंथालयाचे कार्ड वाटून घेतले, तो न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीचा उपाध्यक्ष असून त्या दिवशीचा प्रमुख पाहुणाही तोच होता.

मी मुद्रितशोधक आहे. मुद्रितशोधकाचे काम चांगले झाले तर ते कोणाला दिसत नाही आणि दिसले तर ते चुकलेले असते, त्यामुळे त्या चार ओळींत काय लिहावे हे मला सुचेना. शेवटी मी त्या मथळ्याच्या वर छापलेल्या ‘माहिति पत्रक’मधली वेलांटी तांबड्या पेनाने दीर्घ केली, दोन शब्द जोडून घेतले आणि पत्रक देणगीच्या टेबलावर नेऊन दिले.

त्या टेबलामागे भाऊसाहेब बसले होते. आमच्या वेळी ते परीक्षा अर्जाच्या खिडकीत बसत आणि घड्याळात पाच वाजायला दोन मिनिटे असताना खिडकीची फळी खाली ओढत. निवृत्तीनंतर त्यांना मानधनावर परत बोलावण्यात आले आहे. केस पांढरे झाले, चष्म्याची काच जाड झाली, परंतु बोटाला थुंकी लावून रजिस्टरचे पान उलटण्याची ती पद्धत आणि पान उलटताना समोरच्याकडे न पाहण्याचा तो बाणा अजून जसाच्या तसा होता. मी पाचशेच्या पाच नोटा पुढे केल्या.

“रोख?” भाऊसाहेबांनी विचारले. “दोन हजारांवरची रोख आयकराच्या ऐंशी-जी सवलतीला चालत नाही. चेक आणायला हवा होता.”

मी म्हटले, “मग दोन हजारांचीच पावती करा, पाचशे असेच ठेवा.”

“असे ठेवायला खाते नाही. तुमची करप्रणाली जुनी की नवी?”

“नवी.”

“मग ऐंशी-जीची सवलतच नाही. पावती करून कागद वाया कशाला घालवायचा?” एवढे बोलून त्यांनी नोटा एका हाताखाली दाबून धरल्या, दुसऱ्या हाताने टेबलाखालून एक लांबोडके, कडा खाल्लेले रजिस्टर काढले आणि माझे नाव विचारले. मला वाटले, सन्मानचिन्हासाठी नाव टिपून घेत असतील. पाच मिनिटे त्यांचे बोट खाली सरकत राहिले. मग ते एका ओळीवर थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, समाधान दिसले.

“भौतिक रसायनशास्त्र, भाग दोन. ३१ मार्च १९९६ ला परत यायला हवे होते.”

मी हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी पाहुण्यांसाठी छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे हिशेब मांडला: दिवसाला ५० पैसे दंड, २९ वर्षांचे १०,५८५ दिवस, एकूण ५,२९२ रुपये ५० पैसे. “लीप वर्षांचे सात दिवस आणि वरचे थोडे दिवस मी सोडले आहेत,” ते म्हणाले, “तुम्ही आपलेच विद्यार्थी आहात.”

प्रवेशाच्या वेळी घेतलेली माझी १५० रुपयांची अनामत तरी त्यातून वजा करावी, अशी मी विनंती केली. अनामत तीन वर्षांत नेली नाही तर ती संस्थेकडे जमा होते, असे त्यांनी सांगितले. मग दंडही तीन वर्षांनी संपायला नको का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले आणि लहान मुलाची समजूत घालावी तसे सांगितले, “अनामत आमच्याकडे होती. पुस्तक तुमच्याकडे आहे.” या वाक्यात कुठेतरी चूक आहे, हे मला धंद्याच्या सवयीने लगेच जाणवले, पण तिच्यावर बोट ठेवता येईना. तोवर माझे २,५०० रुपये दंडाच्या खात्यात जमा झाले होते. बाकी फेडून ना-देय दाखला घेतल्याशिवाय मला माजी विद्यार्थी संघाचे सभासद होता येणार नव्हते. देणगीदारांच्या यादीत माझे नाव लागले नाही, ते थकबाकीदारांच्या यादीतच राहिले.

१९३४ मध्ये सरकारने पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद केले, तेव्हा तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. आपल्या कॉलेजासाठी सरकारशी पाच वर्षे झगडणारे माजी विद्यार्थी कुठे आणि एका रजिस्टरापुढे मान खाली घालणारा मी कुठे! पण त्यांना समोर निदान सरकार होते, भाऊसाहेब नव्हते.

सभागृहात मला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. स्वागताच्या भाषणात प्राचार्यांनी, नंदन नीलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, असे सांगून आमच्याकडे अपेक्षेने पाहिले. फर्गसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या गव्हर्नर फर्गसनसाहेबांची देणगी १,२०० रुपयांची होती, हे मला ओरडून सांगावेसे वाटले. रुपयाचे तेव्हाचे मोल काढले तर हा मुद्दा टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या क्षणी मला तो फार बिनतोड वाटला.

मग प्रमुख पाहुणा बोलायला उठला. या कॉलेजाच्या ग्रंथालयाने आपल्याला घडवले, असे त्याने सांगितले, तोवर मी सवयीने टाळ्याही वाजवल्या. पुढे तो म्हणाला, “भौतिक रसायनशास्त्राचा दुसरा भाग आजही न्यू जर्सीत माझ्या टेबलावर आहे. त्यावरचा कॉलेजचा जांभळा शिक्का पाहिला, की मला माझी माती आठवते.” सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. प्राचार्यांनी डोळे टिपले. न्यायाधीश बाईही टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांनी तरी पुराव्याचा विचार करायला हवा होता.

मी मागे वळून पाहिले. दाराशी भाऊसाहेब उभे होते आणि तेही टाळ्या वाजवत होते. मी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोहोचलो आणि विचारले, “ऐकलंत ना? पुस्तक त्याच्याकडे आहे!”

“ऐकलं,” भाऊसाहेब टाळ्या न थांबवता म्हणाले. “पण कार्ड तुमचं आहे.”

प्रमुख पाहुणा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने गेला. जाण्यापूर्वी त्याने मला मिठी मारली आणि कधी अमेरिकेला आलास तर घरी ये, तुला एक गंमत दाखवायची आहे, असे सांगितले. राहिलेली बाकी मी येत्या रविवारी भरणार आहे. दिवस पुन्हा मोजले जात आहेत, असे भाऊसाहेबांनी बजावले आहे, तेव्हा त्यात साडेतीन रुपये वाढतील.